‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावू नका

हॅव-हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप तुम्हाला येतं, असं धरूनच लिहिते. गो-वेन्ट-गॉन मलाही तोंडपाठ होतं. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमची तुकडी त्याआधीची, एबीसीडी पाचवीत गिरवलेली. तरी तीन रूपांच्या तक्त्यात माझा कधी मार्क गेला नाही. पडले ती मुलाखतीत.

बी.कॉम. झाल्यावर मी बार्शीत एका मेडिकलमध्ये दोन वर्षं बिलिंगला होते. ती नोकरी सोडून पुण्याला आले आणि चार महिन्यांनी अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत दिली. अनुभव विचारल्यावर म्हणाले, ‘आय हॅव वर्क्ड इन अ मेडिकल शॉप फॉर टू इयर्स.’ समोरच्या मॅडमनी लगेच विचारलं, ‘व्हॉट इज युअर नोटीस पीरियड?’ मी गोंधळले. नोटीस कसली? म्हटलं, ‘नो नोटीस, मॅडम.’ ‘सो यू कॅन लीव्ह देम एनी डे?’ मी मान हलवली. त्यांनी बायोडेटावर त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. ती जागा मला मिळाली नाही. तो गोल अजून डोळ्यांसमोर येतो.

घरी येऊन वाक्य दहादा तपासलं. तक्त्याप्रमाणे बरोबरच होतं! ‘मी मेडिकलमध्ये दोन वर्षं काम केलं आहे’ असं आपण नोकरी सुटल्यावरही म्हणतो, कारण मराठीतलं ‘केलं आहे’ एवढंच सांगतं की अनुभव गाठीशी आहे. इंग्रजीत ‘हॅव वर्क्ड’ला ‘फॉर टू इयर्स’ जोडलं, की ऐकणारा सहसा समजतो: दोन वर्षं झाली आणि ही अजून तिथेच आहे. मला हवं होतं ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’. नुसतं ‘आय हॅव वर्क्ड इन अ मेडिकल शॉप’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

दुसरी चूक त्याच कागदावर होती: ‘आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम. इन २००७’. मराठीत ‘२००७ मध्ये पूर्ण केलं आहे’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत साल, ‘काल’, ‘मागच्या महिन्यात’ असा सरलेला काळ वाक्यात आला की हॅव बाहेर. ‘आय कम्प्लीटेड बी.कॉम. इन २००७’, बस्स. ही एक गोष्ट पक्की केलीत तर निम्म्या चुका जातील, खरंच सांगते.

‘आहे म्हणजे हॅव’ हे शिकवणाऱ्या क्लासवर माझा राग आहे. महिनाभरात इंग्रजी बोलायला लावतो म्हणणारे हेच सूत्र फळ्यावर लिहितात, आणि ते दोन्हीकडून फसवतं. ‘तो खुर्चीवर बसला आहे’ यात आहे आहे, पण इंग्रजीत ‘ही इज सिटिंग’. ‘तिने स्वेटर घातला आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग’. उलट ‘अगं, माझी किल्ली हरवली!’ यात आहे कुठेच नाही, तरी ‘आय हॅव लॉस्ट माय की’, कारण ती अजून सापडलेली नाही. मराठी वाक्याचं शेपूट पाहू नका. गोष्ट आत्तापर्यंत पोहोचते का, ते पाहा.

घाबरू मात्र नका. काही ठिकाणी मराठीच हात देते. ‘तो दुबईला गेला आहे’ म्हणजे ‘ही हॅज गॉन टु दुबई’, अजून तिकडेच. ‘तो दुबईला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘ही हॅज बीन टु दुबई’. गॉन आणि बीन लोक वर्षानुवर्षं घोळतात. आपल्याकडे ‘जाऊन येणं’ आयतं आहे. आणि अमेरिकन माणूस ‘आय जस्ट एट’ म्हणाला तर तुमचं ‘आय हॅव जस्ट ईटन’ चुकलं असं समजू नका. दोन्ही चालतं.

‘पासून’ने तर मला पुढे कितीतरी महिने छळलं. ‘पाच वर्षांपासून पुण्यात राहते’चं मी ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ करायचे. हवं ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कुठून सुरुवात ते सांगायचं तर सिन्स: सिन्स २००९, सिन्स मंडे. आपला एकच ‘पासून’ दोन्ही कामं करतो, म्हणून जीभ घसरते.

पुढच्या नोकरीत शेजारच्या टेबलावर एक ताई होत्या. मी हॅव म्हटलं की त्या फक्त विचारायच्या, ‘व्हेन?’ मी ‘यस्टरडे’ म्हटलं की हसायच्या, आणि मी वाक्य पुन्हा म्हणायचे. असं एक माणूस शोधा. प्रत्येक शब्दाला टोकणारा गुरू नको, त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही. फोनवर घाईत बोलताना माझं अजूनही चुकतं. मनातल्या मनात ‘व्हेन?’ विचारते आणि सुधारून बोलते.

उद्या मुलाखत असेल तर बाकी सगळं राहू द्या, आज बायोडेटा काढा. सुटलेल्या नोकऱ्यांच्या ओळींतलं ‘हॅव’ खोडा, चालू नोकरीचं ठेवा, आणि साल लिहिलेल्या ओळी पुन्हा एकदा वाचा.