पिस्गाच्या रानात मुक्कामाला निघण्याआधी

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला मुक्कामाची एक सवय लागलेली असते. पायथ्याला वाडी असते, तिथले मामा पिठलं-भाकरीचं बघतात. वर टाकं असतं, डोक्यावर छप्पर म्हणून देऊळ नाहीतर गुहा असते, आणि वाट चुकलीच तर एखादा गुराखी भेटतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पिस्गा नॅशनल फॉरेस्ट या सरकारी जंगलात ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ करायचं, म्हणजे आखलेलं कॅम्पग्राउंड सोडून रानात तंबू ठोकायचा, तर यातलं काहीही नसतं. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. जे सॅकमध्ये नाही ते तिथे नाहीच, हे धरूनच यादीला बसावं. याच राज्यातल्या कॅरी किंवा शार्लट शहरांतून पहिल्यांदा निघणाऱ्या मराठी घरांना मी हेच आधी सांगते.

सॅक भरण्याआधी जागा ठरवा. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याच्या कडेचा पट्टा नॅशनल पार्क सर्व्हिस या खात्याचा आहे, तिथे असा तंबू चालत नाही. जंगल सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिस खात्याच्या हद्दीतही, पाटी लावून दिलेली जागा नसेल तर, वाहनांच्या रस्त्यापासून १००० फूट आत जावं लागतं. शायनिंग रॉक विल्डरनेस या पिस्गातल्या राखीव रानात एका गटात दहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत आणि शेकोटीला बंदी आहे. मंडळाची वीसजणांची सहल तिथे न्यायची नाही. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने या डोंगरांत रस्ते वाहून गेले, झाडं आडवी झाली, वाटा बुजल्या. म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. निघण्याच्या दोन दिवस आधी रेंजर ऑफिसला फोन करून रस्ता उघडा आहे का, शेकोटीवर बंदी आहे का आणि अस्वलांचा त्रास कुठे आहे, हे तिन्ही विचारा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, शिवाय कागदी नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

आता अस्वल. मराठी स्वयंपाकघरातून निघणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ यावर द्यावा असं मला मनापासून वाटतं. इथलं काळं अस्वल माणसाच्या मागे लागत नाही, वासाच्या मागे लागतं, आणि आपलं सगळं खाणं वासाचं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तूप, गोडा मसाला! शायनिंग रॉक, ब्लॅक बाल्सम, सॅम नॉब या भागांत अस्वलाला न उघडणारा कडक डबा, म्हणजे बेअर कॅनिस्टर, सक्तीचाच आहे. माझ्या मते पिस्गात कुठेही जा, तो न्याच. आदल्या दिवशी घरी तो एकदा भरून बघा, कारण वाटतो त्यापेक्षा तो लवकर भरतो. पोह्यांपेक्षा रवा कमी जागा घेतो. घरीच फोडणी करून रवा खमंग भाजून घ्यावा, मीठ-साखर घालून पिशवीत बांधावा, तिथे नुसतं उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की उपमा. इंधनही वाचतं आणि फोडणीचा घमघमाट घरातच राहतो. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लहान मुलाचे वाइप्स हे सगळंसुद्धा त्याच डब्यात. स्वयंपाक तंबूपासून निदान २०० फुटांवर करा, रात्री डबाही तितकाच लांब ठेवा. एकदा रात्री दहाला, झोपायच्या तयारीत असताना, मुलीच्या जॅकेटच्या खिशात तिळाची वडी हाताला लागली. कागदात गुंडाळलेली, अर्धी खाल्लेली. पाऊस पडत होता, तरी उठून ती डब्यात ठेवून आले. तेव्हापासून तंबूत शिरण्याआधी सगळ्यांचे खिसे उलटे करायचे, हा आमचा नेम आहे. पानात टाकायचं नाही ही आजीची शिकवण इथे शब्दशः पाळायची: उरलेला भात झुडपात टाकायचा नाही, भांडं विसळलेलं पाणी गाळून शितं पिशवीत भरून परत न्यायची.

कपड्यांत एक सवय मोडावी लागते. आपल्याला सुती बरं वाटतं. इथे सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर पावसाचं जॅकेट, आणि झोपण्यासाठी कोरडा जोड वेगळ्या पिशवीत. उंचीवर मे महिन्यातही पहाटेचं तापमान एक आकडी सेल्सिअसवर येतं. स्लीपिंग बॅग चांगली असली तरी खाली मॅट नसेल तर जमीन गारठवते.

पाणी ओढ्याचं मिळेल, पण कितीही नितळ दिसलं तरी फिल्टर करून किंवा उकळून प्यावं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तंबू ओढ्यापासून साधारण ७० पावलं लांब आणि काठाच्या सखल जागेपेक्षा उंचावर हवा, कारण वर पाऊस झाला की इथलं पाणी भराभर चढतं. शौचासाठी छोटं खुरपं लागतं. ओढ्यापासून तितक्याच अंतरावर सहा ते आठ इंच खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. कागद परत आणायचा.

तंबू लावण्याआधी मान वर करून बघा. या जंगलातली हेमलॉकची झाडं एका किडीने मोठ्या संख्येने वाळलीत, वादळाने अर्धवट मोडलेल्या फांद्याही अजून लटकतात. वाळक्या झाडाखालची सपाट जागा सोडून द्या, कितीही सोयीची असली तरी. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून कीड पसरते. तिथे पडलेली वाळकी काटकीच घ्या. शेकोटी विझवताना पाणी ओतून, ढवळून, राखेला हात लावता येईल इतकी गार होईपर्यंत थांबा. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, पाऊस असला तरी नाही. शरदात शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर भडक केशरी रंगाचं काहीतरी हवं.

निघताना घरी राहणाऱ्या कुणाच्या तरी हातात कागद द्या: गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर, किती माणसं, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ या आपत्कालीन नंबरला कळवायचं. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र असेल तर उत्तम, पण कागद तरीही द्याच.

परत आल्यावर आंघोळीच्या आधी गोचीड बघा. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्यामागे, मुलांचं तर दोनदा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची, आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायची.