पिट लेनमधली सेवा आणि देणग्यांचा हिशोब : या चुका टाळा

शर्यतीच्या जगात रविवार हा कामाचा दिवस. ड्रायव्हर, मेकॅनिक, टायर बदलणारी पोरं, त्यांच्या बायका-मुलं, सगळी त्या दिवशी ट्रॅकवर असतात. त्यांना चर्चला जाणं जमत नाही, म्हणून चर्च त्यांच्याकडे गेलं. अमेरिकेत १९८८ मध्ये मॅक्स हेल्टन या पाळकांनी ‘मोटर रेसिंग आउटरीच’ सुरू केली आणि नॅसकार या तिथल्या मोठ्या कार-शर्यत संघटनेच्या गॅरेजात शर्यतीआधीची उपासना, अपघातानंतर इस्पितळात सोबत, फिरतीवरच्या कुटुंबांची विचारपूस अशी कामं रुळली. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या आसपासच्या छोट्या ट्रॅकवर हेच काम छोटे गट करतात. एखादा चॅपलेन (ट्रॅकवरच्यांचा पाळक), दहा-बारा स्वयंसेवक आणि एक जुना ट्रेलर, एवढाच त्यांचा पसारा. अशाच एका गटाची खजिनदारी मी काही हंगाम सांभाळते आहे. मी मूळची नगरची. आमच्या मंडळीत दानार्पणाची थैली फिरायची, वडीलमंडळी पैसे मोजायची आणि वहीत नोंद व्हायची. इथे आल्यावर कळलं की ती वही किती कामाची होती.

या कामात मला श्रद्धेची उणीव कुठे दिसली नाही. घोळ होतो तो एकाच जागी. पैसा हातात येतो, पण तो दान आहे, स्पॉन्सरशिप आहे की विक्रीचा आहे, हे त्या दिवशी कुणी ठरवत नाही. तिन्हींचे नियम वेगळे असतात आणि डिसेंबरमध्ये वही उघडल्यावर काहीच आठवत नाही. खाली जे लिहिलं आहे ते अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्याला धरून आहे. राज्याचे नियम त्यावर आणखी असतात.

गाडीवर क्रूस आहे म्हणून गाडीचा खर्च सेवाकार्यात धरणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या मनाने होते. चॅपलेनचा मुलगा शनिवारी रात्री ‘लेट मॉडेल’ वर्गातली शर्यतीची गाडी चालवतो, बॉनेटवर क्रूस रंगवलेला आहे, शर्यत संपल्यावर तो मुलांना आपल्या विश्वासाची साक्ष सांगतो. लोकांना कौतुक वाटतं. ते गटाच्या नावाने चेक देतात आणि खाली बारीक अक्षरात लिहितात, ‘याच्या गाडीसाठी’. गट चेक वटवतो, इंजिनाचं बिल भरतो, देणगीदाराला करसवलतीची पावती देतो.

एका ठरावीक व्यक्तीसाठी नाव घालून दिलेला पैसा करखात्याच्या लेखी संस्थेला दिलेलं दान नसतं. संस्था मधला दुवा, एवढंच. दान ठरायचं असेल तर त्या पैशाचं काय करायचं याचा पूर्ण अधिकार संस्थेच्या मंडळाकडे हवा, आणि तो कागदावरच नव्हे, प्रत्यक्षातही. दुसरा धोका याहून मोठा. निर्णय घेणाऱ्याच्या घरातल्या माणसाला वाजवीपेक्षा जास्त फायदा मिळाला, तर त्या जास्तीच्या रकमेवर २५ टक्के दंडात्मक कर लागतो. तो संस्था नव्हे, फायदा घेणारा भरतो. वेळेत परतफेड केली नाही तर पुढचा टप्पा २०० टक्क्यांचा आहे. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या मंडळ सदस्यावरही वेगळा कर बसू शकतो.

आपल्या गटाला हा प्रश्न विचारा : बक्षिसाची रक्कम कुणाच्या खिशात जाते? ती ड्रायव्हरच्या खिशात जात असेल तर टायरही ड्रायव्हरच्याच पैशाने यायला हवेत. गाडी खरोखर सेवेसाठी लागत असेल, म्हणजे शाळांत आणि चर्चच्या आवारात नेऊन दाखवायला, तर ती गटाच्या नावावर घ्या, कुठे किती वेळा नेली याची नोंद ठेवा आणि ड्रायव्हरशी नातं असलेल्या सदस्याला त्या विषयावर मत देऊ देऊ नका.

इथे कुणीतरी हमखास इंटरस्टेट बॅटरीजचं उदाहरण देतं. १९९२ मध्ये जो गिब्स यांचा नॅसकार संघ सुरू झाला तो याच कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, आणि १९९३ ची डेटोना ५०० ही शर्यत डेल जॅरेटने त्याच हिरव्या गाडीत जिंकली. कंपनीचे नॉर्म मिलर आणि स्वतः गिब्स, दोघेही आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल उघडपणे बोलत आले. पण तो पैसा दान नव्हता. एका व्यवसायाने दुसऱ्या व्यवसायाशी केलेला तो जाहिरातीचा करार होता. देणारा आणि घेणारा दोघे प्रार्थना करणारे असले म्हणून पैशाचा प्रकार बदलत नाही. एखाद्या विश्वासू गॅरेजमालकाला तुमच्या चॅपलेनच्या मुलाची गाडी आवडली असेल तर त्याला थेट त्या मुलाशी करार करू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आभार मानता मानता जाहिरात करणं

संस्थेला मिळालेल्या स्पॉन्सरशिपवर कर लागत नाही, पण एका अटीवर. बदल्यात स्पॉन्सरला नाव, लोगो, पत्ता, फोन नंबर आणि तो काय विकतो याचं साधं वर्णन, एवढंच मिळावं. ‘सगळ्यात चांगलं’ म्हटलं, भाव सांगितला, तिथून घ्या असा आग्रह केला, की आभार संपले आणि जाहिरात सुरू झाली. एकाच वाक्यात दोन्ही आलं तर सगळंच वाक्य जाहिरात धरलं जातं.

आमचा लाउडस्पीकरवरचा भाऊ मोठ्या मनाचा. एका शनिवारी त्याने ट्रेलरला मदत करणाऱ्या गॅरेजचं नाव घेतलं आणि उत्साहात पुढे म्हणाला, सोमवारी तिथे ऑइल बदलायला जा, आमचं नाव सांगा, दहा डॉलर सूट मिळेल. तो हे हंगामभर म्हणत राहिला आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवल्या. नियमित चालणाऱ्या जाहिरातीचं ढोबळ उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त झालं तर फॉर्म ९९०-टी हे करविवरणपत्र भरावं लागतं, हे मला नंतर एका हिशोबनिसाने समजावलं. आता त्या भावाच्या हातात दोन ओळींचा छापील मजकूर असतो. तो तेवढंच वाचतो.

दुसरी अडचण पासची. स्पॉन्सरला परत दिलेल्या गोष्टींची बाजारभावाने किंमत त्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत असेल तर ती मोजली जात नाही. १,००० डॉलर देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० डॉलर. गाड्यांच्या दुरुस्तीच्या भागात जायचे दोन पिट पास दिले की ती ओलांडलीच, आणि मग पासची सगळी किंमत वेगळी काढावी लागते. पण कराहूनही मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅकचा विश्वास. ट्रॅक चॅपलेनला पास देतो तो सेवेसाठी. तो स्पॉन्सरच्या मेव्हण्याच्या गळ्यात दिसला तर पुढच्या हंगामात फाटक उघडायला कोण येईल?

‘प्रेक्षक दोन हजारांवर गेले तर पाचशे डॉलर जास्त देऊ’ असला करारही करू नका. गर्दीवर अवलंबून असलेली रक्कम या सवलतीत बसत नाही.

अलीकडे छोटे व्यावसायिक विचारतात की हे दानात दाखवू की जाहिरात खर्चात. कारणही आहे : २०२६ पासून कॉर्पोरेशन म्हणून कर भरणाऱ्यांना करपात्र उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या वर गेलेल्या दानावरच वजावट मिळते. उत्तर त्यांच्या हिशोबनिसाला देऊ द्या. त्यांनी त्यांच्या वहीत काय लिहिलं यावर तुमच्याकडचा प्रकार ठरत नाही.

पावतीतलं एक वाक्य गाळणं

२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक दानासाठी देणगीदाराला संस्थेचं लेखी पत्र लागतं, आणि त्यात बदल्यात काही वस्तू वा सेवा दिली की नाही हे लिहिलेलं असावं लागतं. दिली नसेल तर ‘दिली नाही’ असं लिहावं लागतं. फक्त प्रार्थना, उपासना असा आत्मिक लाभ दिला असेल तर तसं वाक्य घालता येतं. ‘तुमच्या उदार दानाबद्दल देव तुमचं भलं करो’ एवढ्याने भागत नाही.

२०१२ मध्ये टॅक्स कोर्टाने दिलेला एक निकाल मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. एका दाम्पत्याने चर्चला वर्षभरात २२ हजार डॉलरहून जास्त दिले होते. चेक होते, चर्चचं पत्रही होतं. पत्रात ते एक वाक्य नव्हतं. करखात्याने हरकत घेतल्यावर चर्चने दुरुस्त पत्र दिलं, पण ते उशिरा आलं म्हणून कोर्टाने धरलं नाही. वजावट गेली. चूक पत्र लिहिणाऱ्याची, भुर्दंड देणाऱ्याला. पत्र देणगीदाराच्या हातात त्याने विवरणपत्र भरण्याआधी, किंवा ते भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी, जे आधी येईल तेव्हापर्यंत हवं. आम्ही जानेवारीतच पाठवतो.

लिलावात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. नगरकडे कापणीच्या सणाला कुणी भोपळा आणतं, कुणी कोंबडा, आणि लिलावात त्याच भोपळ्याला दसपट किंमत येते. सगळ्यांना ठाऊक असतं की भोपळ्याची किंमत वेगळी आणि देवाला दिलेलं वेगळं. इथल्या कायद्यात नेमका तोच फरक कागदावर मांडायचा असतो. सही केलेलं बॉनेट ४०० डॉलरला गेलं आणि त्याची बाजारातली किंमत १५० असेल, तर दान २५० चं. ७५ डॉलरच्या वरच्या अशा प्रत्येक व्यवहारात वस्तूची अंदाजे किंमत संस्थेनेच लेखी सांगायची असते. ती लिलावाआधीच वस्तूशेजारी चिकटवून ठेवा.

वस्तूंच्या दानात उलटी चूक होते. कुणी टायरचा संच दिला तर पत्रात टायरचं वर्णन लिहा, रक्कम लिहू नका. किंमत ठरवणं देणाऱ्याचं काम. मेकॅनिकने फुकट घालवलेल्या रविवारची किंमत आणि आठवडाभर वापरायला दिलेल्या ट्रेलरचं भाडं यांची वजावट कुणालाच मिळत नाही. स्वयंसेवकाला स्वतःच्या गाडीचे मैल मात्र दर मैलाला १४ सेंट या दराने धरता येतात, त्यासाठी त्याने वही ठेवायला हवी.

हेल्मेट फिरवलं, पण कुणासाठी ते ठरवलंच नाही

छोट्या ट्रॅकवर ड्रायव्हरला लागलं की स्टँडमध्ये हेल्मेट फिरतं. लोक विसाची नोट काढतात, लहान मुलं खाऊचे पैसे टाकतात. मला या कामातलं याहून सुंदर दृश्य माहीत नाही, म्हणूनच इथे गलथानपणा झाला की जास्त लागतं.

हेल्मेट फिरवण्याआधी दोनपैकी एक ठरवा आणि माइकवरून तसंच सांगा. पैसे थेट त्या कुटुंबाचे असतील तर ती माणसाने माणसाला दिलेली मदत. ती गटाच्या खात्यात घालू नका, तिच्यावर करसवलतीची पावतीही देऊ नका. किंवा पैसे गटाच्या मदतनिधीत जातील आणि लिखित नियमानुसार, गरज पाहून, समिती वाटप करेल. मग ‘सगळे पैसे अमुक एकाला’ असं आश्वासन द्यायचं नाही.

एका रात्री पावसाने शर्यत थांबली. घाईत एका स्वयंसेवकाने हेल्मेटमधले पैसे घरी नेले आणि सोमवारी मोजून आणले. त्यातला एक डॉलरही कमी झाला नसेल अशी माझी खात्री आहे, पण ती दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्या भल्या माणसाकडे लोक पुढे बरेच दिवस वेगळ्या नजरेने पाहत राहिले. त्याला आम्ही एकटं सोडलं, ही आमची चूक. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी एकट्याच्या हाती पाठवत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ जातो, आणि कारण पौलच सांगतो : प्रभूसमोर जे नीट ते माणसांसमोरही नीट दिसावं. आता आमच्याकडे एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसं, स्टँडमधून हलण्याआधी, तिथल्या तिथे मोजतात. चिठ्ठीवर दोन सह्या, चिठ्ठीचा फोटो आणि पिशवीला सील.

आणि जखमी ड्रायव्हरचा इस्पितळातला फोटो घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय देणगीच्या पत्रकावर कधीही नको. चॅपलेनला त्या खोलीत प्रवेश मिळतो तो पाळक म्हणून.

काही छोट्या, पण नडणाऱ्या गोष्टी

कुणाचा पैसा घ्यायचा नाही हे स्पॉन्सर समोर उभा राहण्याआधी ठरवा. नॅसकारची मुख्य मालिका २००३ पर्यंत सिगारेटच्या नावाने चालत होती आणि त्याच गॅरेजात उपासनाही होत होत्या. ट्रॅकवर काय रंगवायचं हे आपल्या हातात नसतं, आपल्या शर्टावर काय छापायचं हे असतं. दारू, जुगार, तंबाखू, व्याजाने पैसे देणारे : मंडळाने एक पान लिहून ठेवावं.

मुलांच्या शिबिरासाठी आलेले पैसे डिझेलवर ‘तात्पुरते’ खर्च करू नका. हिवाळ्यात ट्रॅक बंद असतात, उत्पन्न आटतं, विम्याचा हप्ता मात्र येतोच. त्यासाठी उन्हाळ्यातच थोडं बाजूला काढा.

ढोबळ उत्पन्न साधारण ५०,००० डॉलरच्या आत असलेल्या संस्थेलाही दरवर्षी ९९०-एन ही छोटी इलेक्ट्रॉनिक नोंद करावी लागते. ती सलग तीन वर्षं करायची राहिली की करमुक्त दर्जा आपोआप जातो. हा नियम लागू झाल्यावर २०११ मध्ये जवळपास २,७५,००० संस्थांची नावं करमुक्त यादीतून एका दमात कमी झाली.

पुण्या-कोल्हापूरकडे बायकर किंवा कार्टिंगवाल्या तरुणांत असं काम करणाऱ्यांना इथून मदत पाठवावी असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं असेल तरच पाठवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही बंद आहे. एखाद्या कार्यकर्त्याच्या बचत खात्यात संस्थेसाठी पैसे टाकलेत तर अडचणीत तो येईल.

चूक आधीच झाली असेल तर

दर्जा गेला असेल तर फॉर्म १०२३ किंवा लहान संस्थांसाठीचा १०२३-ईझेड भरून पुन्हा अर्ज करता येतो. मधल्या काळात करसवलतीच्या पावत्या देऊ नका. नात्यातल्या माणसाला जास्त फायदा गेला असेल तर व्याजासह परत घ्या आणि मंडळाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहा. शिबिराचे पैसे डिझेलला गेले असतील तर देणगीदाराला फोन करा, मग पत्र लिहा : इतके पैसे, इथे खर्च झाले, या महिन्यापर्यंत भरून काढतो, चालेल का? असे दोन फोन मी केले आहेत. दोन्ही वेळा हात थरथरत होता. पहिल्या बाईंनी परवानगी दिली आणि लेखी उत्तर पाठवलं. दुसऱ्या गृहस्थांनी पैसे परत मागितले. आम्ही चार हप्त्यांत दिले, आणि चौथ्या हप्त्याची पोच त्यांनी स्वतः ट्रॅकवर आणून दिली.