शाळेतल्या मुलांचा लठ्ठपणा कमी करायचाय? आधी कॅन्टीनचा करार उघडा

शाळेत लठ्ठपणा कमी करण्याचा कार्यक्रम म्हटलं की एक व्याख्यान होतं, एक चित्रकला स्पर्धा होते आणि जिन्यात ‘जंक फूड टाळा’ असा फलक लागतो. यातून काहीही बदलत नाही. वेफर्स आणि कोल्ड्रिंक चांगले नाहीत हे सातवीतल्या मुलाला पाठ असतं. मधल्या सुट्टीत, त्याच्या हातातल्या वीस रुपयांत, कॅन्टीनच्या खिडकीवर काय मिळतं यावर त्याचं खाणं ठरतं. आहारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं पालक-शिक्षक संघांबरोबर हे काम करते आहे. पुढचं सगळं मुख्यतः शहरातल्या, कॅन्टीन असलेल्या शाळेसाठी आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आणि चार-पाच जणांची समिती तयार आहे असं धरून सुरुवात करते. समितीत वरच्या वर्गातली एक-दोन मुलं हवीतच.

मोजमाप

उंची-वजन वर्षातून दोनदा घ्या, जून-जुलैत आणि जानेवारीत. एका वेळी एकच मूल आत, दार लोटलेलं, आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही. वर्गासमोर रांग लावून वजनाचा आकडा पुकारणारे शिक्षक अजूनही आहेत. त्या एका आकड्यावरून मुलाला टोपणनाव पडतं, आणि मग ते पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गातच बसून राहायला लागतं. ज्याला सर्वांत जास्त धावायला हवं तेच मूल आपण मैदानाबाहेर घालवतो.

मोठ्या माणसांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) आकडे मुलांना लावू नका. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते ५ ते १८ वर्षांसाठी आहेत, मुलग्यांचे आणि मुलींचे वेगळे. प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा त्यावर आखलेल्या आहेत. पहिल्या रेषेच्या वर अतिवजन, दुसऱ्या रेषेच्या वर लठ्ठपणा. निकाल बंद पाकिटात सगळ्या मुलांच्या घरी पाठवा. फक्त काही जणांनाच पाकीट दिलंत तर ते कशाचं आहे हे वर्गाला लगेच कळतं. दुसऱ्या रेषेच्या वर असलेल्या मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. शाळेने कोणत्याही मुलाला डाएटचा तक्ता देऊ नये, यावर मी ठाम आहे. वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन घटवायचं नसतं. ते आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली की तक्त्यावरचा बिंदू आपोआप खाली येतो.

कचऱ्याची टोपली

आठवडाभर मधल्या सुट्टीनंतर टोपल्या बघा. प्रश्नावलीत मुलं खोटं लिहितात, टोपलीत खरं सापडतं: पाच-दहा रुपयांची चकचकीत पाकिटं, ज्यूसच्या खोक्यांच्या स्ट्रॉ, आणि तळाशी रुमाली कागदात गुंडाळलेली अर्धी पोळी-भाजी.

कॅन्टीन

खरं काम इथे आहे. आम्ही सर्वांत जास्त काळ याच टप्प्यावर अडकून पडलो होतो, आणि बहुतेक शाळांचे कार्यक्रम इथेच मरतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ हटवायला सांगितलं. नंतर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या विनियमांनी असे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई केली. म्हणून उत्साही समिती काय करते? कॅन्टीनवाल्याच्या हातात बंदीची यादी ठेवते. पहिले काही दिवस काचेच्या कपाटात केळी दिसतात. मग वेफर्स काउंटरखालून विकले जाऊ लागतात किंवा मुलं फाटकाबाहेर जायला लागतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पूर्वीसारखं. मग ‘मुलांना पौष्टिक आवडतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे.

कॅन्टीनवाला काय हिशोब करतो ते समजून घ्या. पाकिटाला गॅस लागत नाही, आचारी लागत नाही, उरलं तर उद्या विकता येतं. मटकीची उसळ आदल्या दिवशी भिजवायची, सकाळी शिजवायची आणि उरली तर टाकायची. त्यात शाळा त्याच्याकडून महिन्याचं भाडं घेते. तो पाकिटं विकणारच. तुम्हाला उसळ हवी असेल तर त्याची जोखीम तुम्ही वाटून घ्यायला हवी. म्हणून बंदीच्या यादीआधी करार उघडा आणि संस्थाचालकांना स्पष्ट सांगा: भाडं कमी करा, जमलं तर पहिल्या सत्रासाठी माफ करा. मुलांच्या पोटावर भाडं कमावणाऱ्या शाळेला आरोग्यदिन साजरा करण्याचा अधिकार नाही. सुरुवातीला विक्री पडते, हमखास पडते. तेवढा काळ तरून जायची सोय करारात नसेल तर तो माणूस टिकणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती कोणीच सांगत नाही. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची असते, म्हणजे ९०० सेकंद. एका खिडकीवर ३०० मुलं आली तर एकेकाच्या वाट्याला तीन सेकंद येतात. तीन सेकंदांत पाकीट देता येतं. वाटीत उसळ वाढून, वर कांदा-कोथिंबीर घालून, लिंबू पिळून देता येत नाही. रांग हलत नाही, घंटा होते, मागची पोरं उपाशी वर्गात जातात आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात पाकीट घेऊन येतात. उपाय असे: सकाळी पहिल्या तासाआधी कूपन घ्या, म्हणजे किती शिजवायचं ते कळेल आणि उरणार नाही. सुट्टीच्या दहा मिनिटं आधी स्टीलच्या वाट्या भरून ताटांत मांडून ठेवा. पैशांची देवाणघेवाण खिडकीवर होऊ देऊ नका. एकाऐवजी दोन खिडक्या करा आणि प्राथमिकच्या मुलांना पाच मिनिटं आधी सोडा. वेळापत्रकातली ही पाच मिनिटं मिळवायला मुख्याध्यापकांशी भांडावं लागलं तर भांडा. पदार्थांच्या यादीइतकंच याला महत्त्व आहे.

रोज दोनच गरम पदार्थ ठेवा. सहा ठेवलेत तर एकही ताजा मिळणार नाही. इडली-सांबार, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, मिश्र डाळींचं धिरडं, थालीपीठ आणि दही, भरपूर मटार घातलेला उपमा हे सगळं खपतं. उकडलेली अंडी, केळं, पेरू, मीठ-जिरेपूड घातलेलं ताक रोज असू दे. किंमत पाकिटापेक्षा जास्त ठेवू नका. आणि चव समितीने ठरवू नका, मुलांना ठरवू द्या. आजाऱ्याला दिल्यासारखी बिनमिठाची, फिकट उसळ कोणीही खाणार नाही. त्यांना चटकदार हवं असतं, तर हिरवी चटणी आहे, लिंबू आहे, कच्ची कैरी आहे. त्यासाठी तेल किंवा साखर लागत नाही.

आता ज्या सल्ल्यांनी माझा संयम संपतो ते. ब्राऊन ब्रेडमध्ये मेयोनीज आणि चीजची चकती घातली की ते पौष्टिक होत नाही. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले वेफर्स हे वेफर्सच. खोक्यातला ज्यूस म्हणजे फळ नव्हे. आणि गुळात खनिजं असतात म्हणून लाडू हवे तेवढे, हे तर अजिबात नाही. शरीराच्या हिशोबात गूळ साखरेच्याच रकान्यात जातो. चिक्की द्या, पण छोटा तुकडा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी वरच्या साखरेतून यावेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे १७०० किलोकॅलरी धरले तर ही मर्यादा होते ४२ ग्रॅम, म्हणजे आठेक छोटे चमचे. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्येच साधारण ३२ ग्रॅम साखर असते. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं, ते चांगलंच आहे. फक्त तो फलक खिडकीशेजारी लावा, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर नको.

हे सगळं करारात लेखी घ्या: काय विकायचं, काय नाही, तळणीचं तेल पुन्हा वापरायचं नाही, समितीने कधीही स्वयंपाकघरात येऊन बघायचं. तोंडी ठरलेलं पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही.

फाटकाबाहेर

पन्नास मीटरचा नियम पाकिटं आणि कोल्ड्रिंक विकणाऱ्या दुकानाला लावा. आधी बोला, ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. मात्र त्याच नियमाच्या नावाखाली काकडी, पेरू, बोरं घेऊन बसणाऱ्या बाईला हुसकावू नका. तिला झाकण, स्वच्छ पाणी आणि सावलीची जागा मिळवून द्या. तुमच्या कार्यक्रमाला तिच्याइतकी मदत दुसरं कोणी करणार नाही.

डबा आणि वाढदिवस

डब्याची तपासणी करू नका. शिक्षकाने वर्गात डबा उघडून नाक मुरडलं की अपमान त्या मुलाच्या आईचा होतो. महिन्यातून एकदा पालकांची बैठक घ्या, तिला आजी-आजोबांनाही बोलवा, कारण शाळेतून आल्यावर मुलाला काय खायला मिळतं हे बऱ्याच घरांत तेच ठरवतात. तिथे डबे करून दाखवा, भाषण नको. वाढदिवसाला चॉकलेट बंद, त्याऐवजी वर्गाच्या वाचनालयाला एक पुस्तक. हे पहिल्याच पालकसभेत जाहीर करून टाका.

पालिकेची आणि जिल्हा परिषदेची शाळा

इथे कॅन्टीन नसतं, शालेय पोषण आहार असतो. लठ्ठपणा फक्त पैसेवाल्यांच्या घरात असतो असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या अतिवजन मुलांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ ला ३.४ झालं. एकाच बाकावर एक मूल कुपोषित आणि एक अतिवजन असू शकतं. म्हणून खिचडीचं प्रमाण कधीही कमी करू नका. पहिली ते पाचवीला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, हा मुलांचा हक्क आहे. खिचडीत ठरलेली डाळ आणि भाजी खरोखर पडते का, हे शाळा व्यवस्थापन समितीने कढईत डोकावून बघावं. आणि ‘खिचडी गरिबांची’ म्हणून वरच्या वर्गातली मुलं बाहेरचं पाकीट घेत असतील, तर शिक्षकांनी त्यांच्याबरोबर पंगतीला बसून तीच खिचडी खावी. याचा परिणाम लवकर दिसतो.

मैदान आणि वस्ती

पाच ते सतरा वयाला रोज एक तास दमछाक होईल असं खेळणं लागतं. पीटीचा तास गणिताला देणं पहिल्या दिवसापासून बंद. संध्याकाळी शाळेचं मैदान वस्तीतल्या मुलांना उघडं ठेवा, रखवालदाराचा खर्च सोसायट्या आणि मंडळांत वाटून घ्या. गणेशोत्सवात मंडळं मुलांना बक्षीस म्हणून चॉकलेटचे डबे वाटतात. त्याऐवजी दोरीउड्या, बॅडमिंटनची रॅकेट, फुटबॉल द्यायला सांगा. वर्गणीतला खर्च तेवढाच येतो आणि मंडळं सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त कोणीतरी जुलैतच जाऊन बोलावं लागतं.

वर्षाअखेर

‘किती किलो घटले’ असा अहवाल लिहू नका. पहिल्या वर्षी पाहायचं ते हे: रोज किती कूपनं जातात, टोपलीत पाकिटं किती, आणि तक्त्याच्या रेषांच्या वर असलेल्या मुलांची संख्या वाढायची थांबली का. शाळेबाहेर सांगायची ती फक्त एकूण संख्या, कोणाचंही नाव नाही. मार्च-एप्रिलमध्ये कॅन्टीनचा करार नव्याने होतो, त्या बैठकीला समितीतला एक पालक बसलाच पाहिजे. मुख्याध्यापक बदलतात, विश्वस्त बदलतात, आणि पहिली गोष्ट जी गुपचूप वगळली जाते ती भाड्याच्या सवलतीची ओळ असते. कराराची प्रत पालक-शिक्षक संघाच्या फाइलमध्ये ठेवा.