नव्या हृदयाची वार्षिक तपासणी : कोल्हापुरातून निघण्याआधी

प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू कापले जातात. त्यामुळे पुढे धमन्या आतून जाड होऊ लागल्या तरी बहुतेकांना छातीत कळ येतच नाही. पाच वर्षांत साधारण ३० टक्के रुग्णांच्या धमन्यांत हा बदल दिसतो. म्हणून त्रास नसला तरी तारीख चुकवू नका. आणि रंकाळ्यावरच्या नेहमीच्या फेरीत दम लागू लागला किंवा पाय सुजले, तर तारखेची वाटच पाहू नका.

आठवडाभर आधीपासून सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा आणि वहीत लिहा. १३०/८०च्या वर वारंवार जात असेल तर डॉक्टरांना ती वहीच दाखवा. कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) चार-पाच दिवस आधी इथेच करून घ्या. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फुगलेलं दिसतं, तेव्हा बारा तास उपाशी राहून रक्त द्या. क्रिएटिनिन महत्त्वाचं, कारण टॅक्रोलिमसने (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं आणि अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या एक्स-रे तपासणीत, टोचला जाणारा डाय त्यात भर घालतो.

सर्वांत जास्त चुका टॅक्रोलिमसच्या लेव्हलमध्ये, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण मोजताना, होतात. रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं (दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर चोवीस तासांनी). महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जात असाल तर गाडीत रात्री नऊला गोळी घ्या, सकाळी नऊला रक्त द्या, सकाळची गोळी तोवर खिशातच ठेवा. गोळी घेऊन रक्त दिलं तर लेव्हल खोटी वर दिसते, डोस कमी होतो, शरीर हृदय नाकारू लागतं. आणि नाकारण्याचा (रिजेक्शनचा) असा प्रत्येक झटका धमन्यांचं नुकसान करून जातो. जुलाब झाले असतील तर तेही सांगा, त्यानेही लेव्हल वाढते.

फाईलमध्ये दात्याचं वय व बीपी, हृदय शरीराबाहेर किती तास होतं, रिजेक्शनच्या तारखा, दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीचा आणि सीएमव्ही या विषाणूचा रिपोर्ट हवा. यातलं बरंचसं आता बदलता येत नाही, पण तपासणी किती बारकाईने करायची ते यावरून ठरतं. धमनी सगळीकडून सारखीच जाड झाली तर साध्या अँजिओग्राफीत ती ठीक दिसू शकते. म्हणून धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड, म्हणजे आयव्हस, करणार का, हे स्वतःहून विचारा.

कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) बंद करू नका; ते धमन्यांसाठीही असतं. टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन चालत नाही. अंग सतत दुखत असेल किंवा लघवी गडद होत असेल तर लगेच कळवा. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक चिठ्ठी बरोबर घ्या : क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते. गणपतीत दिसणारं पपनसही लेव्हल वाढवतं, ते टाळा. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद. धारोष्ण दूधही नको, संसर्गाची भीती असते. घरी उकळलेलं चालेल.