जुनं रिव्हॉल्व्हर अडकतंय? दुरुस्तीला देण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडे परवान्यावरचं जुनं रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेकदा कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ बोअरचं निघतं. सहा गोळ्यांचं, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या धाटणीचं, वरचा खटका दाबला की नळी खाली झुकून उघडणारं. यंत्र साधं आणि दणकट आहे. जाणत्या कारागिराकडे गेलं तर बहुतेक बिघाड निघतात. पण दुकानात पोचेपर्यंत मालकाने घरीच इतकी खटपट केलेली असते की मूळ दोष कुठला आणि नंतर झालेली मोडतोड कुठली, हे कारागिरालाही कळेनासं होतं.

सगळ्यात धोक्याची चूक गोळी न उडाल्यावर होते. ‘टक्’ असा आवाज झाला, गोळी सुटली नाही, की माणूस लगेच पुन्हा ट्रिगर ओढतो. रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल भाग, फिरतो आणि न उडालेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं. कधी काडतूस क्षणभर उशिरा पेटतं. ते अशा वेळी पेटलं, तर गोळीला बाहेर पडायला नळीच समोर नसते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायचं, मगच उघडून रिकामं करायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, हाताला धक्का कमी बसला, तर गोळीबार तिथेच बंद करा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सोडली की नळी फुटू शकते.

भरलेल्या अवस्थेत सिलिंडर अडकला, उघडतच नाही, तर हातोडी, पक्कड काही लावू नका. तसंच घेऊन गाडीत बसू नका. परवानाधारक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला आधी फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

रिकामं करता आलं असेल, तर मात्र थोडं निरीक्षण तुम्हीच करायला हवं. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं तर कारागीर अंधारात चाचपडतो. प्रत्येक वेळी सिलिंडरच्या त्याच एका घरातली, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकातली, गोळी दगा देते की कुठलीही? न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाशी असलेल्या आणि पिनच्या माराने पेटणाऱ्या भागावर, पिनचा खड्डा खोल आहे की नुसता ओरखडा? खड्डा नीट असेल तर संशय काडतुसावर जातो, उथळ असेल तर हॅमरची (मागच्या घोड्याची) स्प्रिंग, पिन किंवा आतल्या घट्ट झालेल्या तेलावर. सिलिंडर फिरताना जड लागत असेल, तर काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली बघा. तिथे जळक्या दारूचे दोन-चार कण अडकले तरी सिलिंडर घासू लागतो. जुना ब्रश आणि कोरडं फडकं इतक्याने हा ‘बिघाड’ कित्येकदा जातो. बाजूला उभ्या माणसाला शिशाचे बारीक तुकडे लागत असतील, तर बहुधा सिलिंडरचं घर नळीच्या रेषेत येत नाहीये. हे घरी सोडवायचं काम नाही, आणि तोवर एकही गोळी झाडायची नाही.

तेलाचं प्रमाण लोक हमखास चुकवतात. आत ओतलेलं तेल काडतुसाच्या टोपीत झिरपून ती निकामी करू शकतं, धूळ धरतं आणि वर्षांनी चिकट राळेसारखं होतं. सांध्यांना थेंबभर पुरे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये वर्षभर ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करावं लागलं, तर आधी साफ करून तेलाचा हलका हात फिरवा आणि परत मिळाल्यावर नळीतून आरपार बघितल्याशिवाय कपाटात टाकू नका.

बऱ्याचदा दोष शस्त्रात नसून काडतुसात असतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी ही दोन वेगळी काडतुसं आहेत. एसीपी काही रिव्हॉल्व्हरांत बसतंही, म्हणूनच फसायला होतं. त्याचा दाब जास्त असतो, जुन्या सिलिंडरवर तो लादू नका. नळीवर कोरलेलं वाचा आणि परवान्याशी ताडून घ्या.

आता कोणाकडे न्यायचं? गावातला लोहार किंवा लेथवाला कितीही हुशार असला तरी नाही. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे धंदा म्हणून शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो आणि २०१९च्या बदलानंतर त्याच्या भंगाला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. त्या कारागिराच्या संसाराचाही विचार करा. परवानाधारक गनस्मिथकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) स्वतः जा, मूळ परवाना बरोबर न्या, शस्त्राच्या क्रमांकासह पावती घ्या. वडिलांच्या नावावरचं शस्त्र असेल आणि ते हयात नसतील, तर दुरुस्तीचा विषय नंतरचा. आधी ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, मग परवान्याचा अर्ज.

गंज काढून नवी झळाळी द्यायची हौस अनेकांना असते. बफिंगमध्ये क्रमांक आणि शिक्के पुसट होतात. ओळखचिन्ह पुसणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, नकळत झालं तरी चौकशीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. पॉलिश करायचंच असेल तर क्रमांकाची जागा सोडून, हे पावतीवर लिहून घ्या.

परत घेताना सहाही घरं तपासून मागा. हॅमर हळू मागे ओढल्यावर प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्कं बसतं का, वरचा खटका बंद केल्यावर नळी हलते का, हे रिकाम्या शस्त्रावर कारागिराला समोर करून दाखवायला सांगा. चाचणीचा गोळीबार त्याच्याच परवान्यातल्या सोयीने किंवा अधिकृत रेंजवर होऊ द्या, शेतात नाही. नळीला आतून खोल खड्डे पडले असतील, सिलिंडरला चीर असेल आणि गनस्मिथ ‘हे आता झाडू नका’ म्हणाला, तर वेल्डिंग करून देणारा दुसरा माणूस शोधत बसू नका.