मिडियम वेव्हसाठी घरगुती लूप अँटेना

खरखरीमुळे आकाशवाणी पुणे (792 किलोहर्ट्झ) नीट लागत नसेल, तर नवा रेडिओ घेण्याआधी हे करून बघा. लाकडी पट्ट्यांची फुली ठोकून त्यावर दोन फूट बाजूचा चौकोन होईल अशी साधी प्लास्टिक आवरणाची वायर गुंडाळा. 12 वेढे, दोन वेढ्यांत साधारण 5 मिलिमीटर अंतर. 30 मीटर वायर पुरते. पट्ट्यांच्या टोकांना खाचा पाडल्या की वेढे सरकत नाहीत. वायरीची दोन टोकं 500 पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (स्टेशन लावण्यासाठी फिरवायचा कंडेन्सर) जोडा. तो भंगारातल्या जुन्या रेडिओत मिळतो.

रेडिओला काहीही जोडायचं नाही! तो लूपजवळ असा ठेवा, की आतली फेराइटची कांडी (रेडिओचा मिडियम वेव्हचा आतला अँटेना) लूपच्या पृष्ठभागाला काटकोनात येईल. स्टेशन लावून कंडेन्सर अगदी हळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. वरची, म्हणजे जास्त किलोहर्ट्झची स्टेशनं पकडत नसतील तर एक वेढा काढा.

खरी गंमत दिशेची. लूपची कड स्टेशनकडे असताना आवाज सर्वांत मोठा, सपाट बाजू केली की जवळजवळ गायब. म्हणून शेजारच्या एलईडी दिव्याची खरखर छळत असेल, तर सपाट बाजू त्या दिव्याकडे करा. स्टेशन थोडं मंदावलं तरी चालेल.