वूकॉमर्स: कस्टमरला कार्ट रिकामं दिसतं, आपल्याला मात्र सगळं नीट दिसतं (सुटलं)

वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचा प्लगइन. लक्षण असं की कस्टमर वस्तू कार्टमध्ये टाकतो, कार्ट उघडलं की रिकामं, पण आपण ॲडमिन म्हणून लॉगिन असलो की सगळं व्यवस्थित. थीम बदलली, प्लगइन एकेक करून बंद केले, कॅश (पानाची साठवलेली प्रत दाखवणारा) प्लगइनही काढून टाकला, फरक शून्य. हातातल्या ऑर्डरी जाताना बघून जीव नुसता तळमळत होता.

खरं कारण असं की कॅश होस्टिंगच्या सर्व्हरवरच होता, त्यामुळे कस्टमरला साठवलेलं जुनं रिकामं कार्ट दिसत होतं, आणि लॉगिन असलेल्यांना तो सहसा कॅश केलेलं पान दाखवत नाही, म्हणून आपल्याला कधी कळतच नाही.

आधी होस्टिंग पॅनेलच्या कॅश सेटिंगमध्ये कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तिन्ही पानं वगळा, पानांचे पत्ते बदलले असतील तर तुमचेच टाका. मग तिथेच वगळायच्या कुकीच्या (ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद) रकान्यात 'वूकॉमर्स_आयटम्स_इन_कार्ट', 'वूकॉमर्स_कार्ट_हॅश' आणि 'डब्ल्यूपी_वूकॉमर्स_सेशन_' (इंग्रजी स्पेलिंगमध्ये, अंडरस्कोअरसकट) टाका. आता आधी सर्व्हरचा कॅश साफ करा आणि मगच सीडीएनचा (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा), उलटं केलंत तर सीडीएन सर्व्हरकडून तेच जुनं पान परत उचलू शकतो.

तपासताना लॉगआउट होऊन इन्कॉग्निटोमध्येच बघा, कार्टच्या पानाच्या रिस्पॉन्स हेडरमध्ये (पानासोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती) कॅशपुढे 'हिट' दिसलं तर वगळणं अजून लागू झालेलं नाही.